त्वेरला बस बंद पडली त्या दिवशी

मॉस्को ते पीटर्सबर्ग बसनं न्यायचं ही आयडिया माझी नव्हती हे आधीच सांगतो. 24 जण, बहुतेक साठीच्या पुढचे, आणि पावणेदोनशे किलोमीटर होतात न होतात तोच त्वेरमध्ये आधी एसी गेला मग गिअरच पडेना. ड्रायव्हर म्हणाला दोन तास. टूर मॅनेजरच्या भाषेत दोन म्हणजे चार.

आमच्या प्लॅनमध्ये त्वेर नव्हतंच, कुणाच्याच नसतं. एकेकाळी मॉस्कोच्या तोडीस तोड राज्य होतं हे, 1327 ला इथल्या लोकांनी तातारांविरुद्ध, म्हणजे तेव्हाच्या मंगोल सत्तेविरुद्ध, उठाव केला तर तो चिरडायला तातार फौजेबरोबर मॉस्कोचा राजाच आला, आणि 1485 मध्ये मॉस्कोनं अख्खं गिळून टाकलं. 1931 ते 1990 तर नावही गेलं, कालिनिन म्हणायचे. पण अर्ध्या लोकांना वॉशरूम हवं असताना हे कोण ऐकणार?

मग आठवलं, आपल्याकडे येऊन गेलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन इथलाच! वॉशरूमचं उरकून सगळ्यांना व्होल्गाकाठी नेलं. तिथे त्याचा 1955 चा पुतळा आहे, होडीवर उभा, होडीच्या टोकाला घोड्याचं डोकं.

म्हटलं, हा व्यापारी इथून नदीनं खाली निघाला, आस्त्राखानपाशी लुटला गेला तरी माघारी फिरला नाही, इराण, होर्मुझ करत एक घोडा घेऊन जहाजानं उतरला तो थेट आपल्या चौलला. वास्को द गामाच्या कितीतरी आधी.

"चौल? रेवदंड्याजवळचं?" इतका वेळ सावलीत रुसून बसलेले नागावचे काका एकदम पुढे आले.

तेच. मग गेला जुन्नरला. चार महिने पाऊस नि चिखल असं लिहून ठेवलंय त्यानं. तिथल्या असद खानानं घोडा काढून घेतला, म्हणाला मुसलमान हो, घोडा परत देतो आणि वर हजार सोन्याची नाणी. एका खुरासानी अधिकाऱ्यानं मध्ये पडून सोडवला, पुढे बिदरला घोडा विकला. आणि हो, इकडे घोड्यांना साखर-तूप घातलेली खिचडी देतात असंही लिहिलंय.

"खिचडीत साखर?" ओतूरच्या काकू. "आमच्याकडे नाही हो घालत. त्याच्या ऐकण्यात काहीतरी चुकलं असणार."

यावर पंधरा मिनिटं वाद. हरभरे भिजवून घालतात, गूळ घालतात, खिचडी कसली... मी गप्प बसलो, गिअरबॉक्स सगळे विसरले होते ना.

"मग घरी कधी परतला?" काकूंनीच विचारलं.

नाही पोचला. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला.

ड्रायव्हरचा फोन आला, अजून दीड तास. कुणी ओरडलं नाही माझ्यावर. काकू पायऱ्या उतरून व्होल्गेत हात बुडवून आल्या आणि पदराला पुसत म्हणाल्या, गार आहे गं बाई.