ट्रॅक्टर-ट्रॉली : शून्य

आमचं गाव निपाणीकडचं, वेदगंगेच्या काठाचं. फाट्यावर माझं खतांचं दुकान आहे. गेल्या हंगामात तिथं उसाची ट्रॉली कलंडली आणि शेजारच्या पोराची मोटारसायकल दुधाच्या किटल्यांसकट खाली सापडली. पोरगं उडी मारून वाचलं. फाट्यावरचा चौक सुधारा, असा ग्रामसभेत ठराव झाला, पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) सही-शिक्का दिला, अर्ज गेला. हे सगळं आठ दिवसांत उरकलं. पुढचं मात्र सांगण्यासारखं आहे.

अर्जाला उत्तर आलं, ‘रहदारी मोजून निर्णय घेऊ.’ आम्ही खूश. मोजणीला माणसं आली ती जुलैच्या शेवटच्या आठवड्यात! बंधारा तीन दिवस पाण्याखाली, म्हणजे नदीपलीकडच्या गावांची वाट बंद. पावसामुळं शाळांना सुट्टी. कारखान्यांची धुराडी तर मार्चपासून थंड. दोन पोरं माझ्याच पत्र्याखाली खुर्च्या टाकून बसली, चार वेळा चहा प्याली. मी म्हटलं, “अरे बाबांनो, आज कुत्रं तरी दिसतंय का रस्त्यावर?” त्यातला एक म्हणाला, “आम्हाला आजची तारीख दिलीय काका.” खोटं कशाला बोलू, पोरं भली होती.

दोन महिन्यांनी कन्नडमधून पत्र आलं. वहिनी धारवाडच्या, त्यांनी वाचून दाखवलं: रहदारी कमी आहे, चौक सुधारण्याची गरज दिसत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. अपघातापेक्षा या एका ओळीचा राग जास्त आला, हे कबूल करतो.

मग कचेरीच्या फेऱ्या. बाहेरच्या बाकावर बसलं की शिपाई सांगायचा, “साहेबर मीटिंगनाग अदार री,” म्हणजे साहेब मीटिंगमध्ये आहेत. कधी नुसतंच “नाळे बर्री,” उद्या या. चौथ्या फेरीला टेबलापर्यंत पोचलो, तर तिथले गृहस्थ म्हणतात, “एकदा मोजलंय की. मनासारखं येईपर्यंत मोजत बसायचं काय?” माझं डोकं फिरलं आणि मी आवाज चढवला. तेवढं करू नका. त्यानंतर पुढच्या दोन फेऱ्यांना मला बसा सुद्धा कुणी म्हणालं नाही.

शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. माझा पहिला अर्ज तीन पानी रडगाणं होतं, तो तसाच परत आला. दुसऱ्यात एकच मागणी ठेवली, मोजणीच्या तक्त्याची प्रत. तीस दिवसांची मुदत असते, मला एकोणतिसाव्या दिवशी मिळाली. तक्त्यात कार, बस, रिक्षा असे रकाने आखलेले. ‘ट्रॅक्टर-ट्रॉली’समोर सुबक गोल शून्य. बैलगाडीसमोरही शून्य. आणि हा तक्ता हातात पडला त्या दिवशी माझ्या दारात फाट्यापासून कमानीपर्यंत उसाच्या गाड्यांची रांग लागलेली!

भाचा सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. तक्ता बघून तो हसायलाच लागला. म्हणाला, “मामा, रस्त्यांचे नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून संस्था आहे, तिचा यावर नियमच आहे, १९७२ पासूनचा.” गावाकडच्या रस्त्यांवर वर्षातून निदान दोनदा मोजायचं, एकदा सुगीच्या नि मालवाहतुकीच्या भरात, एकदा मंदीच्या दिवसांत. तेही प्रत्येक वेळी सलग सात दिवस, रात्रंदिवस. शिवाय सगळी वाहनं सारखी धरत नाहीत. खेड्यातल्या रस्त्याला कार म्हणजे १, मोटारसायकल ०.५, ट्रक ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५ आणि मोठी बैलगाडी तब्बल ८. म्हणजे आमच्या फाट्यावरचं खरं वजन ज्या दोन रकान्यांत, तेच दोन रिकामे.

हे सगळं एका पानात लिहिलं. वहिनींनी कन्नड केलं, मी मराठी खाली जोडलं. (घटनेच्या ३५० व्या कलमानं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. हक्क आहेच, पण सोबत कन्नड असलं की कागद लवकर हलतो, हा माझा अनुभव.) तक्त्याची प्रत लावली, शून्याभोवती लाल पेनानं गोल केला. यावेळी आवाज चढवला नाही. टेबलावरच्या गृहस्थांनी पान वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. “जानेवारीत बघू,” एवढंच म्हणाले.

जानेवारीत खरोखर माणसं आली, आठवडाभर राहिली. पहिल्याच सकाळी त्या रकान्यातली जागा संपली आणि पोरानं कागद उलटून मागं रेघा ओढायला सुरुवात केली. मी चहा स्वतः नेऊन दिला, साखर जास्त घालून.

आता वळण रुंद करायचं, मध्ये बेट, दोन्ही बाजूंना हंप, असं ठरलंय. पुढच्या वर्षीच्या क्रिया योजनेत, म्हणजे कामांच्या आराखड्यात, नाव आहे. सध्या रस्त्याकडेला चुन्याच्या खुणा आहेत.

हां, एक राहिलंच. रस्ता नेमका कोणाचा हे आधी विचारून घ्या. आमचा एक हात जिल्हा मुख्य रस्ता, म्हणजे लोकोपयोगी खात्याचा (पीडब्ल्यूडीचा), दुसरा गावरस्ता पंचायत राजच्या इंजिनिअरांचा. अर्ज दोन्हीकडे द्या, पोच दोन्हीकडून घ्या. आणि पोस्टल ऑर्डरची झेरॉक्स काढून ठेवा. माझी पहिली कुठं गेली ते अजून सापडलेलं नाही.