छाटणीचा कचरा किती निघेल?
झाडांची संख्या गुणिले सरासरी किलो, हा हिशेब सहसा फसतो. खोडाचा व्यास दुप्पट झाला की झाडाचे वजन साधारण पाचपट होते, त्यामुळे मोजकी थोराड झाडे सरासरी बिघडवतात. म्हणून आधी प्रजाती आणि घेर यांनुसार गट पाडा. घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर टेपने मोजा, 3.14 ने भागला की व्यास मिळतो.

प्रत्येक गटातली काही झाडे निवडून छाटलेला माल त्याच दिवशी काट्यावर तोला. ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असते. उन्हात पडून राहिलेल्या ढिगाचे वजन धरले तर अंदाज कमीच येणार. छाटणीचा प्रकारही नोंदवा. तारांखालची छाटणी आणि नुसत्या वाळक्या फांद्या काढणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मागची छाटणी कधी झाली, हेही लिहा (हा रकाना हमखास कोरा असतो!).

गाड्या ठरवताना मात्र आकारमान बघा. पानांसकट फांद्यांनी गाडी गच्च भरते, वजन भरत नाही. जागेवरच चिपर (फांद्यांचे बारीक तुकडे करणारे यंत्र) चालवला तर फेऱ्या बऱ्याच वाचतात. वादळात पडलेल्या झाडांचा हिशेब वेगळा ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षीचा आकडा उगाच फुगतो.