तुम्ही विचारलंत म्हणून: शिकवायला शिकवता म्हणजे नक्की काय करता?

नव्याने कोणाशी ओळख झाली की तिसऱ्या मिनिटाला हा प्रश्न येतोच. मी युनिव्हर्सिटीत शिक्षणशास्त्र शिकवते, आमच्याच इमारतीत समाजकार्य आणि समुपदेशनाचे वर्ग चालतात, काही पेपर कॉमन आहेत, त्यामुळे माझ्यासमोर बसलेल्यांतले निम्मे पुढे शिक्षक होणार असतात आणि निम्मे बालगृहात, हॉस्पिटलात नाहीतर व्यसनमुक्ती केंद्रात काम करणार असतात. हे ऐकलं की समोरचा जरा थांबतो आणि म्हणतो, "म्हणजे शिकवायला शिकवता? ज्याला विषय येतो तो शिकवतोच की. आणि लोकांना मदत करायला डिग्री कशाला, मन पाहिजे." पूर्वी मी हसून विषय बदलायचे. पण परवा एका मैत्रिणीने मेसेज करून हेच विचारलं, तिची मुलगी ऍडमिशन घेतेय (मेसेज मैत्रिणीचा होता, मुलीचा नाही, हे लक्षात ठेवा), तेव्हा म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

मन पाहिजे हे खरंच आहे, त्यावर माझं भांडण नाही. फक्त आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींकडे मन भरपूर असतं हो. पहिले सहा महिने आमची जी काही झटापट चालते ना, ती बहुतेक त्या भरलेल्या मनाशीच चालते.

शिक्षकांचं बघा. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये हिशोब मांडला होता की शाळा संपेपर्यंत एका मुलाने शिक्षकांसमोर बसून साधारण १३,००० तास काढलेले असतात. तेरा हजार! म्हणजे शिक्षक काय करतो हे आपण सगळ्यांनी इतकं बघितलंय की त्यात शिकण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. ऑपरेशन टेबलावर कितीही वेळा झोपलात तरी आता आपल्याला सर्जरी जमेल असं कोणी म्हणत नाही (भूल दिलेली असते हा एक फायदा). पण बाकावरून दिसतं ते फक्त वरवरचं. बाईंनी तोच प्रश्न त्याच मुलाला का विचारला, फळ्यावरचं चुकीचं उत्तर लगेच का पुसलं नाही, खिडकीजवळच्या मुलाकडे बघून न बघितल्यासारखं का केलं, हे तिथून कळत नाही. मग मुलं येतात ती आवडत्या सरांची नक्कल घेऊन, नाहीतर नावडत्या बाईंच्या बरोबर उलटं वागायचं ठरवून. आणि दोन्हीत समोर बसलेला वर्ग कुठेच नसतो.

मग आम्ही काय करतो, तर मी तरी मागच्या बाकावर स्टॉपवॉच घेऊन बसते.

मायक्रोटीचिंग म्हणतात तो प्रकार १९६३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत ड्वाइट ऍलन यांनी सुरू केला. पाच-सात मिनिटांचा पाठ, समोर मोजकीच मुलं, एकच कौशल्य, फीडबॅक, आणि तोच पाठ परत. आमच्याकडे वर्गातलेच मित्रमैत्रिणी विद्यार्थी बनून बसतात, जरा नाटकी होतं, पोरं कंटाळतात, मान्य. त्यातलं एक कौशल्य मात्र मी कधीच सोडत नाही, ते म्हणजे प्रश्न विचारून गप्प बसणं. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी वर्गांचं रेकॉर्डिंग ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. एक! मग दुसऱ्या मुलाला विचारतात नाहीतर स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. त्याच शिक्षकांना तीन सेकंद थांबायला लावलं तर उत्तरं लांब यायला लागली, "माहीत नाही" कमी झालं, एरवी तोंड न उघडणारी मुलंही बोलू लागली.

तीन सेकंद काय, कोणीही थांबेल, असं दर बॅच म्हणते. गेल्या टर्मला एक मुलगा होता, आवाज छान, विषय पक्का, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. त्याने विचारलं, "पाणी उकळत असताना खाली आच चालू असते, तरी तापमान वाढत का नाही?" आणि ०.८ सेकंदांनी स्वतःच सांगायला लागला. मी आकडा सांगितला तर त्याला पटेना, म्हणे मॅडम मी केवढा थांबलो होतो. रेकॉर्डिंग ऐकवलं. दुसऱ्या फेरीला तो थांबला खरा, पण भुवया वर करून, मान हलवत, खडू या हातातून त्या हातात घेत, म्हणजे समोरच्यांना स्पष्ट दिसत होतं की हा सुटायची वाट बघतोय. चौथ्या फेरीला त्याने खडू टेबलावर ठेवला आणि हात मागे बांधले. दोन, तीन, चार... मला मागे बसून घाम फुटला. आणि कोपऱ्यातून एक जण म्हणाली, "मग ती सगळी उष्णता जाते कुठे?" उत्तर नव्हतंच ते, पण त्या पाठातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच होतं.

आणि "विषय येतो तो शिकवतोच" याबद्दल एक छोटं उदाहरण देते. ०.४ मोठे की ०.३५? बरीच मुलं ०.३५ म्हणतात, कारण ४ पेक्षा ३५ मोठे, ही चूक सगळ्या शिक्षकांना माहीत असते. पण एखादं मूल ०.४ म्हणतं, शिक्षक शाब्बास म्हणून पुढे जातो, आणि त्या मुलाच्या डोक्यात असतं की पॉइंटनंतर आकडे जास्त असले की संख्या लहान, कारण दशांशापेक्षा शतांश लहान असतो असं त्याने कुठेतरी अर्धवट ऐकलेलं असतं. उत्तर बरोबर, कारण साफ चूक. त्याला आता ०.४ आणि ०.४५ विचारा, ते परत ०.४ च मोठं म्हणेल. ही दुसरी जोडी विचारायला सुचणं हे गणित येण्यापेक्षा वेगळं ज्ञान आहे, ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात त्याला स्वतंत्र नाव देऊन मांडलं तेव्हा आम्हा लोकांना जरा बोलायला शब्द मिळाले. गणितात पहिल्या आलेल्या मुलांना ही दुसरी जोडी सहसा सुचत नाही, बिचाऱ्यांना तसं कधी चुकताच आलेलं नसतं.

समाजकार्यवाल्यांची घाई वेगळी. त्यांना समोरच्याचं दुःख बघवत नाही. "मन आहे ना, बास" हा वाद तिकडेही जुनाच आहे. गरिबांच्या घरी जाऊन चार शब्द सांगणाऱ्या हौशी लोकांवर मदतीचं काम चालायचं त्या काळात, अशाच संस्थेत काम करणाऱ्या मेरी रिचमंड यांनी १८९७ मध्ये जाहीरपणे म्हटलं की याचं रीतसर शिक्षण पाहिजे, आणि १८९८ मध्ये न्यूयॉर्कला सहा आठवड्यांचा कोर्स सुरू झाला. सहा आठवडे. आमची मुलं दोन वर्षांनंतरही "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" म्हणतातच.

फील्डवर्कच्या रेकॉर्डिंगची एक पद्धत आहे ती मला फार आवडते. भेट झाल्यावर आठवून शब्दशः लिहायचं, पानाचे तीन उभे भाग करून. पहिल्यात ते काय म्हणाले मी काय म्हणाले, दुसऱ्यात त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं, तिसरा भाग सुपरव्हायजरसाठी रिकामा. एका मुलीच्या वहीत पहिल्या भागात होतं, "त्या रडायला लागल्या. मी पाणी आणायला उठले." दुसरा भाग कोरा. आणि तिसऱ्यात तिच्या सुपरव्हायजरने बारीक अक्षरात एवढंच लिहिलं होतं, "तहान कोणाला लागली होती?"

ती दोन दिवस चिडून होती. रडणाऱ्या माणसाला पाणी द्यायचं नाही तर काय तोंड बघत बसायचं, असं मला येऊन विचारून गेली. मग तिसऱ्या दिवशी तिने मधला भाग भरून आणला. मला ते बघवेना, असं सुरू करून दीड पान. त्या बाईंचं रडणं नेमकं कशावरून सुरू झालं होतं हे तिला लिहिताना पहिल्यांदा लक्षात आलं, कारण पाणी घेऊन परत येईपर्यंत त्यांनी डोळे पुसून विषय बदलला होता.

आता शिक्षक होणारे आणि समाजकार्यवाले, दोघांना एकत्र का बसवतो, तर त्याला माझी स्वतःची एक चूक कारण आहे. मी शिक्षकाचं पूर्ण ट्रेनिंग घेऊन शाळेत लागले होते, पाठ टाचण चोख, शिस्त बरी. एक दिवस दहा-अकरा वर्षांची एक मुलगी वर्ग सुटल्यावर मागे राहिली आणि म्हणाली, "बाई, एक सांगू? पण तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?" मी तिच्या उंचीला खाली बसले (हे शिकवलेलं होतं) आणि म्हटलं, "नाही सांगणार, शप्पथ." नंतर तिने जे सांगितलं ते एका तासाच्या आत मुख्याध्यापकांना सांगावंच लागलं, त्यात पर्यायच नव्हता, आणि सांगितलं ते योग्यच झालं, तिला मदतही मिळाली. पण ती परत माझ्याशी बोलली नाही. कॉरिडॉरमध्ये समोरून आली की जमिनीकडे बघत जायची. तिच्याशी खोटं बोललेल्या मोठ्या माणसांच्या यादीत मी आणखी एक.

समाजकार्याच्या पहिल्याच टर्मला हे शिकवतात, आणि मला माझ्या आख्ख्या ट्रेनिंगमध्ये कोणी चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. वाक्य काही अवघड नाही. "तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास देत असेल, तर मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावं लागेल. पण कोणाला सांगतेय ते आधी तुला सांगेन." बास. फक्त ते मूल समोर उभं असताना, शप्पथ घ्या म्हणत असताना, तोंडातून यायला हवं, म्हणून आम्ही ते जोड्या करून, उभं राहून, पंधरा-वीस वेळा म्हणून घेतो. पहिल्या दिवशी सगळे हसतात. माझ्या वर्गातल्या भावी शिक्षकांना हे म्हणायला जड जातं, समाजकार्यवाले त्यांना सावरतात, आणि तीस मुलांच्या वर्गात उभं राहायची वेळ आली की समाजकार्यवाल्यांचे पाय लटपटतात, तेव्हा उलट होतं.

सगळं छान चालतं असं नाही हं. फाईली आणि जर्नल्स कॉपी होतात, आम्हालाही दिसतं. ज्यांच्या वर्गात मुलं सरावाला जातात त्या शिक्षकांना स्वतःचंच काम इतकं असतं की "पाठ चांगला झाला" एवढ्या शेऱ्यावर सही करून मोकळे होतात, आणि जिथे खरा सुपरव्हायजर भेटतो तिथलं मूल दोन महिन्यांत ओळखू येत नाही इतकं बदलतं. हा नशिबाचा भाग असता कामा नये, पण आहे. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे एखाद्याला सांगणं की बाबा रे, तू हुशार आहेस, पेपर छान लिहितोस, पण तू लोकांचं ऐकत नाहीस, तुला मी माणसांसमोर पाठवू शकत नाही. मी हे आजवर फार कमी वेळा बोलले आहे. जितक्या वेळा बोलायला हवं होतं त्यापेक्षा कमी.

तर मैत्रिणी, तुझ्या मुलीने यावं का, तर जरूर यावं. सिलॅबस, फील्डवर्कचे तास, पुढे नोकरी कुठे मिळते, जे विचारायचंय ते तिलाच मला फोन करून विचारू दे. आणि फॉर्म तू भरायला घेतलायस म्हणालीस ना, तो तिच्याकडे दे.