सांताचा ड्रेस आणि रिकामे बाक

२३ डिसेंबर, जालना

पोरीच्या शाळेचा निरोप आला. उद्या सगळ्यांनी सांताच्या ड्रेसमध्ये यायचं, आणि ड्रेस शाळेनं सांगितलेल्या दुकानातूनच घ्यायचा. भाडं ३०० रुपये, वर ५०० अनामत. दाढीचा कापूस आत्ताच निघायला लागलाय. पैसे मोजताना दुकानातली बाई मला विचारते, "तुमच्यात पण करतात का हो ख्रिसमस?"

आमच्यात पण! रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात, इथंच जालन्याजवळ, बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. मी नुसतं "हो, करतो" म्हटलं आणि पावती घेतली.

या सांताचा मला रागही धड येत नाही. मूळचा संत निकोलस म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा चौथ्या शतकातला बिशप. लाल कपड्यांतला ढेरपोट्या म्हातारा आधीपासून चित्रांत होताच, १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी तो घरोघर पोचवला. असू दे बापडा. पण माझ्या पोरीच्या वर्गातल्या लेकरांना विचारा, २५ तारखेला कुणाचा वाढदिवस? निम्मी तरी "सांताचा" म्हणतील. मॉलमध्ये झाड आहे, बर्फ आहे (जालन्यात!), सेल आहे. बाळ तेवढं कुठं दिसत नाही.

दुकानांना तरी किती बोलायचं, आपल्या मंडळीचंही तेच चाललंय. चर्चच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागलाय. भाऊंचा हात जोडलेला फोटो पुरुषभर, खाली त्यांच्या समर्थकांची पासपोर्ट साइज रांग, आणि येशू वरच्या कोपऱ्यात, लग्नपत्रिकेवर गणपती असतो तेवढा. त्याच भाऊंच्या पैशातून तरुण संघाला डीजे आणायचाय. गव्हाणीसुद्धा यंदा थर्माकोलची, तयार, आत लाइट लुकलुकणारी. आम्ही लहान असताना आत्याच्या गोठ्यातला कडबा आणि तुराट्यांचं छप्पर असायचं. एका वर्षी खरं करडू बांधलं होतं, तर मेंढपाळांचं गाणं संपेपर्यंत त्यानं बाळाखालचा कडबा ओढून खाल्ला आणि बाहुली गडगडत पाळकसाहेबांच्या पायाशी. लोक हसून हसून बेजार.

पण आज डोक्यात घोळतंय ते वेगळंच. नाताळच्या उपासनेला आमच्या वस्तीवरचे निम्मे बाक रिकामे असतात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले कोयते, ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, फडावर जातात, ते परततात थेट मार्च-एप्रिलला. ईस्टर कधीकधी सापडतो, नाताळ नाहीच. मागच्या हंगामात माझ्या चुलत भावजयीचं बाळंतपण कोपीतच झालं. वर पाचट, खाली पाचट, आणि दाराला म्हणून एक साडी लावलेली. आदल्या दिवसापर्यंत मोळ्या बांधत होती. खाडा केला तर मुकादम पैसे कापतो ना! बाळाला गुंडाळायला तिनं नवऱ्याचं जुनं धोतर फाडलं.

लूकचा दुसरा अध्याय आम्ही दर वर्षी वाचतो. नावनिशीसाठी निघालेलं जोडपं, दिवस भरलेली बाई, उतारशाळेत जागा नाही. ज्यांना हे समजावून सांगायची गरजच पडू नये, ती माणसं नेमकी उसात. आणि आम्ही डीजेवाल्याशी घासाघीस करतोय.

संध्याकाळी कमिटीत मी हेच बोलले. म्हटलं, भाऊंचे पैसे घ्यायचेच असतील तर एक गाडी करा. आपल्या काही जोड्या अंबड तालुक्यातच फडावर आहेत, लांब नाही. डबे, करंज्या, ढोलक आणि पाळकसाहेब घेऊन जाऊ, प्रार्थना तिथंच करू. खजिनदार मामा म्हणाले, "बाई, भाऊंना फोटो पाहिजे असतो. उसात कोण बघणार?" पोरं डीजेवर अडून बसली. पाळकसाहेब गप्प होते, पण निघताना म्हणाले, "२५ ची उपासना झाली की मी मोकळाच आहे."

मग मी शेजारच्या क्रुझरवाल्याला फोन लावला. डिझेलसकट किती घेणार, ते उद्या सकाळी सांगतो म्हणाला. अनामतीचे ५०० परत मिळाले की त्यात घालीन. दाढी तेवढी शाबूत राहायला पाहिजे.