औंदा काय खरा नाय

देवगडकडच्या आमच्या घरामागच्या परड्यात हापूसचं एक जुनं कलम आहे. चांगल्या वर्षी ते असं लगडतं की खालच्या फांदीला बांबूचा टेकू द्यावा लागतो. त्याच फांदीवर काकीने एक चप्पल टांगून ठेवली आहे. काकांची, डाव्या पायाची, अंगठ्याजवळ पट्टा तुटलेली. उजवीचं काय झालं ते कोणाला आठवत नाही. डावी मात्र चारपाच पावसाळे खाऊन अजून कामावर हजर आहे.

मुंबईचे पाहुणे परड्यात येतात, मान वर करतात आणि ओरडतात, "केवढे आंबे!" काकीचा चेहरा तत्क्षणी पडतो.

"खयचे आंबे रे! मोहर सगळो तुडतुड्यान खाल्ल्यान. औंदा काय खरा नाय."

आणि हे बोलताना तिच्या डोक्यापासून वीतभरावर पाच आंब्यांचा घोस लोंबत असतो.

मला लहानपणी याची लाज वाटायची. इतकं धडधडीत खोटं कशाला बोलायचं? ती चप्पल आणि ते वाक्य एकच काम करतात, हे लक्षात यायला बरीच वर्षं गेली. दृष्ट लागते ती काही वैऱ्याचीच लागते असं नाही. ती कौतुकाचीही लागते, किंबहुना कौतुकाचीच जास्त. 'दृष्ट लागण्याजोगं' ही आपल्याकडे स्तुतीची वरची पायरी. म्हणून मग गोऱ्यागोमट्या बाळाच्या गालावर काजळाची तीट. तीट म्हणजे मुद्दाम ठेवलेली खोट. नव्या बांधकामावरची काळी बाहुली, मळ्यातलं चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं, काकांची चप्पल, सगळ्यांचं म्हणणं एकच: बघण्यासारखं इथे काही नाही, पुढे व्हा. आणि तरीही लागलीच, तर मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या ओवाळून चुलीत. ठसका लागला तर काही नव्हतं, नाही लागला तर जबरदस्त लागली होती. हा न्याय मला फार आवडतो. त्यात काकी कधीच हरत नाही.

लिंबू-मिरचीची गोष्ट जरा निराळी. ती खोट नव्हे, तो पाहुणचार आहे. लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी, तिला म्हणे आंबट-तिखट प्रिय. दारातच तिची सोय लावली की ती पोटभर खाऊन उंबऱ्यावरूनच परत फिरते. धाकटीला गोड आवडतं, ती आत येते. नको असलेल्या माणसाला अपमान न करता वाटेला लावायची याहून सभ्य रीत मी पाहिलेली नाही.

त्या दोऱ्यात कोणी कोणी खाली एक बिब्बा ओवतात. काळा, गुळगुळीत, बटणाएवढा. दिसायला गरीब, पण त्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात. परीट पूर्वी याच्याच रसाने कपड्यांवर खुणा करायचे, आणि त्या धुतल्या तरी जायच्या नाहीत. शास्त्रीय नावसुद्धा तेच सांगतं. सेमेकार्पस म्हणजे खुणेचं फळ. पण मला गंमत वाटली ती पुढच्या शब्दाची: ॲनाकार्डियम. हेच नाव काजूचंही आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आलेला आपला काजू, रानातला बिब्बा आणि परड्यातला हापूस, तिघं एकाच कुळातले. आणि तिघंही डसतात. काजूच्या टरफलातलं तेल चटके देतं म्हणून बायका हाताला राख चोळून बिया फोडतात. आंब्याचा चीक ओठाला लागला की आठवडाभर खपली मिरवावी लागते. म्हणजे सणाच्या दिवशी आमच्या चौकटीवर आंब्याचा टाळ असतो आणि खाली दोऱ्याला बिब्बा, ती एकाच घराण्यातली दोन माणसं. एक या या म्हणतो, दुसरा कोण पाहिजे म्हणून विचारतो.

वाडीत देवासमोर बोलायचं तेही आमच्याकडे याच सुरात. बाकीचे लोक प्रार्थना करतात, आम्ही गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं म्हणजे सरळ सरळ तक्रार. गावकार नारळ ठेवून "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करतो, इडापिडा, वाकडी नजर, आजारपण, चाकरमान्यांची काळजी असं एकेक मांडत जातो आणि प्रत्येक वाक्याला सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणतात. घर भरलेलं असो की रिकामं, सूर तोच. सगळं छान चाललंय, असं देवाला सांगायला कोणी उभा राहिलेला मी पाहिलेला नाही. सांगितलं आणि त्यालाच कौतुक वाटलं तर?

गेल्या मे महिन्यात पुतण्या इस्तंबूलहून एक निळा काचेचा डोळा घेऊन आला. तिकडे घराघरांत, गाड्यांत टांगतात. गडद निळ्यात पांढरं, त्यात फिका निळा, मधोमध काळा ठिपका. त्याचं तिकडचं नाव 'नझर', म्हणजे आपलीच नजर. वाईट डोळ्यावर उतारा म्हणून डोळाच, असं त्याने काकीला समजावून सांगितलं. ओटीवरच्या उन्हात तो मणी असा चमकत होता की शेजारच्या दोघी कामं टाकून बघायला आल्या. एक म्हणाली, "काय सुंदर आसा गे!"

काकीने तो हातात घेतला, फिरवून बघितला.

"बरो आसा," ती म्हणाली. "पण चमकता किती! तेकाच दिष्ट लागतली."

ती आत गेली, काजळाची डबी घेऊन आली आणि करंगळीने त्या काचेच्या कडेला, मागच्या बाजूला, एक तीट लावली.

"आता टांग."