झणझणीत सॉसेज स्टफिंग : थँक्सगिव्हिंगपर्यंतची प्रगती-नोंद

सद्यस्थिती : ब्रेड आणि स्टॉकचं (हाडं-भाज्या उकळून काढलेल्या पाण्याचं) प्रमाण पक्कं झालं. मिठाचा हिशोब जुळला. तिखट मार्गी लागलं. वरचा कुरकुरीत थर प्रवासात टिकवणं अजून बाकी आहे.

स्टफिंग म्हणजे वाळवलेला ब्रेड स्टॉकमध्ये भिजवून भाजलेला पदार्थ. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, अमेरिकेत टर्कीच्या शेजारी तो येतो, त्यामुळे मापं पौंड आणि फॅरनहाइटमधली असतात. इथे ग्रॅममध्ये दिली आहेत, कारण ब्रेड 'कपा'ने मोजला की दर वेळी वेगळाच भरतो. खालचं सगळं प्रमाण ९ × १३ इंची, २ इंच खोल डिशसाठी आहे. इतर पदार्थ असतील तर १० ते १२ जणांना पुरतं.

मुख्य अडचण आधी सांगून टाकतो. सॉसेज तिखट घेतलं म्हणून स्टफिंग तिखट होत नाही. सॉसेजचा तुकडा जिभेला झोंबतो आणि त्याच घासातला ब्रेड मिळमिळीत लागतो. ब्रेड, लोणी, अंडं, तिन्ही तिखट मारणारे. म्हणून या हंगामातलं सगळं काम एकाच गोष्टीवर आहे : तिखट ब्रेडच्या आत कसं पोचवायचं.

ऑक्टोबरअखेर : ब्रेड

साधा पांढरा ब्रेड ७०० ग्रॅम. कडा काढायच्या नाहीत. पाऊण इंचाचे, म्हणजे साधारण २ सेंमीचे चौकोनी तुकडे. दोन ट्रेमध्ये पसरून २७५° फॅ. (१३५° से.) वर ४५ ते ६० मिनिटं, दर पंधरा मिनिटांनी हलवून. रंग जेमतेम बदलला पाहिजे, हे टोस्ट करणं नव्हे. वेळेपेक्षा वजनावर विश्वास ठेवा : ७०० ग्रॅमचे ४९० ग्रॅमच्या आसपास आले की ब्रेड तयार. ५५० वर थांबलात तर तुकड्यांच्या पोटात ओल राहते, तेवढा स्टॉक आत शिरत नाही आणि तळाशी लगदा साचतो.

'दोन दिवस बाहेर ठेवलेला शिळा ब्रेड वापरा' हा सल्ला बऱ्याच पाककृतींत असतो. तो अर्धवट आहे. शिळं होणं वेगळं, वाळणं वेगळं. झाँ-बातीस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवून दिलं होतं की पाणी अजिबात न गमावताही ब्रेड शिळा होतो. त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट रचला जातो, एवढंच. शिळा ब्रेड हाताला कडक लागतो, पण गरम झाला की परत मऊ पडतो आणि आतलं पाणी जिथल्या तिथेच असतं. आपल्याला रिकामी जागा हवी आहे, ती ओव्हनच देतो.

सावरडो (आंबवलेल्या पिठाचा आंबटसर ब्रेड) वापरून पाहण्यासारखा आहे. आंबटपणा सॉसेजला शोभतो, पण त्याची जाड पापुद्र्याची कड स्टॉक लवकर पीत नाही आणि शेवटपर्यंत चिवट राहते. सावरडो घ्यायचा तर तुकडे दीड सेंमीचे करा. ब्रिओश नको, आधीच लोण्या-अंड्याने भरलेला असतो.

तुकड्याचा आकार ही वरवरची बाब वाटते, पण तसं नाही. १९७२ साली जनरल फूड्स या अमेरिकी खाद्यकंपनीने बाजारात आणलेल्या डब्यातल्या झटपट स्टफिंगमागे कंपनीतल्या रूथ सीम्स यांचं जे काम होतं, त्याचं मर्म ब्रेडच्या तुकड्याच्या मापातच होतं. फार बारीक झाला की पाण्यात पीठ होतं, फार मोठा झाला की मध्यभाग कोरडा राहतो. घरच्या डिशलाही हेच लागू.

वाळलेला ब्रेड पूर्ण थंड करून हवाबंद डब्यात आठवडाभर सहज राहतो. कोमट असताना झाकण लावलंत तर वाफ धरून सगळी मेहनत वाया.

नोव्हेंबर, पहिला आठवडा : सॉसेज

हॉट इटालियन सॉसेज ५०० ग्रॅम, ताजं, न शिजवलेलं. वरचं आवरण चिरून काढून टाका. यात बडीशेप, लसूण आणि चिली फ्लेक्स आधीच असतात. स्मोक्ड किंवा आधी शिजवलेलं सॉसेज इथे चालत नाही. ते चकत्यांसारखंच राहतं आणि चरबी पुरेशी सोडत नाही, आणि चरबीशिवाय पुढची पायरी जमत नाही.

घरी करायचं तर पोर्क शोल्डरचा खिमा ५०० ग्रॅम, त्यात पाव हिस्सा चरबी. मीठ ८ ग्रॅम, बडीशेप २ टीस्पून (भाजून अर्धी कुटलेली, अर्धी अख्खी), चिली फ्लेक्स २ टीस्पून, पाप्रिका २ टीस्पून, मिरी १ टीस्पून, लसूण ३ पाकळ्या, रेड वाइन व्हिनेगर १ टेबलस्पून. मसाला आदल्या रात्री लावा, मीठ मात्र परतण्याच्या दहा मिनिटं आधी. मिठामुळे मांसातली मायोसिन प्रथिनं सुटतात आणि खिमा चिकट होऊन एकमेकांना धरतो. सॉसेज आवरणात भरून कापायचं असेल तर तेच हवं असतं. स्टफिंगमध्ये मात्र तो रबरी गोळा होतो. इथे मोकळा, भुरभुरीत तुकडा हवा. मळू नका, बोटांनी कालवा.

पोर्क नको असेल तर टर्की किंवा चिकनचं हॉट इटालियन मिळतं. चव ठीक असते, पण चरबी जवळजवळ सुटत नाही. त्या वेळी लोणी ८० ऐवजी १२० ग्रॅम घ्या.

रुंद, जड बुडाच्या कढईत मध्यम-मोठ्या आचेवर सॉसेज पसरवून टाका आणि पहिली तीन-चार मिनिटं अजिबात हलवू नका. खालची बाजू खरपूस झाली की पावभाजीच्या मॅशरने १ सेंमीचे तुकडे करा. त्याहून बारीक केलेत तर दाताखाली काही येत नाही. एकदम सगळं कोंबलं की पाणी सुटतं आणि सॉसेज भाजण्याऐवजी उकडतं. छोटी कढई असेल तर दोन घाण्यांत करा. सॉसेज झाऱ्याने काढून घ्या, चरबी कढईतच राहू द्या.

नोव्हेंबर, दुसरा आठवडा : तिखट

तिखटपणा देणारं कॅप्सायसिन चरबीत विरघळतं, पाण्यात जवळपास नाही. म्हणून स्टॉकमध्ये चिली फ्लेक्स टाकून काही साधत नाही. फ्लेक्स तरंगतात, एखाद्या घासात सगळे एकत्र येतात आणि बाकीचे नऊ घास फिके. सॉसेजच्या सुटलेल्या चरबीत ८० ग्रॅम बिनमिठाचं लोणी घाला, कढई आचेवरून उतरवून मिनिटभर थांबा, मग १ टीस्पून चिली फ्लेक्स आणि १ टीस्पून काश्मिरी लाल तिखट. फोडणीत तिखट घातल्यावर जसा लगेच कांदा टाकतो, तसाच इथेही टाकायचा : ३०० ग्रॅम कांदा, २०० ग्रॅम सेलरी, दोन्ही बारीक चिरलेलं. मिनिटभर न थांबता तिखट टाकलंत तर ते काळवंडतं आणि कडवटपणा पूर्ण डिशमध्ये उतरतो, नंतर काढता येत नाही.

कांदा-सेलरी मध्यम आचेवर १० ते १२ मिनिटं. सेलरी इथेच मऊ झाली पाहिजे. ओव्हनमध्ये ती होत नाही, उलट कच्ची गेली तर पाणी सोडत राहते. शेवटी लसणाच्या ४ पाकळ्या, बारीक चिरलेला ताजा सेज (उग्र वासाचा पाला) २ टेबलस्पून (सुका असेल तर २ टीस्पून), आणि कढईच्या बुडाला धरलेली खरवड सोडवायला स्टॉकमधलाच ५० मिली.

इथे गरम मसाल्याची हुक्की येते. माझं मत विचाराल तर नको. लवंग-दालचिनी आणि सेज एकमेकांच्या अंगावर येतात आणि दोघांपैकी कुणाचीच चव धड लागत नाही. आणखी तिखट हवं असेल तर सेलरीबरोबर दोन सेरानो मिरच्या चिरून घाला.

आता या हंगामातला सर्वांत उपयोगी बदल. हे गरम, तिखट, चरबीने माखलेलं मिश्रण आधी कोरड्या ब्रेडवर ओतायचं, परातीत दोन मिनिटं खालीवर करायचं, आणि स्टॉक त्यानंतर. ओल्या ब्रेडमध्ये चरबी शिरत नाही, वरवर चोपडली जाते. कोरड्या तुकड्याची छिद्रं मात्र ती ओढून घेतात. एक तोटा आहे : चरबी लागलेला ब्रेड स्टॉक सावकाश पितो, म्हणून पुढे दहा मिनिटांचा मुरण्याचा वेळ टाळता येत नाही.

चाखून पाहायचं ते कोमट करून. आपल्या तोंडातला जो संवेदक कॅप्सायसिनला दाद देतो, तोच सुमारे ४३° से.च्या वरच्या उष्णतेलाही देतो. त्यामुळे ओव्हनमधून काढलेला घास खऱ्यापेक्षा जास्त जाळतो. ताटात येईपर्यंत टर्की कापली जाते, ग्रेव्ही फिरते, स्टफिंग निवतं. शेजारी गोड क्रॅनबेरी सॉसही असतो. गरम असताना 'बरोबर' वाटलेलं तिखट टेबलावर कमीच पडतं.

नोव्हेंबर, तिसरा आठवडा : पाणी, मीठ, अंडं

स्टॉक एकूण ६५० मिली, अंडी २. स्टॉक कोमट किंवा गार असतानाच अंडी फेटून घाला, गरम स्टॉकमध्ये अंड्याची भुर्जी होते. परतलेलं सॉसेज आणि मूठभर पार्सली ब्रेडमध्ये मिसळा. स्टॉकचा दोन तृतीयांश भाग ओता, पाच मिनिटं थांबा, मग उरलेला. शेवटचे १०० मिली हातचे राखून ठेवा. दहा मिनिटांनी एक तुकडा दाबून पाहा : मध्यभाग ओला लागला पाहिजे, पण परात तिरकी केल्यावर कडेला तळं साचता कामा नये. तळं दिसलं तर मूठभर वाळलेला ब्रेड आणखी टाका. त्यासाठी थोडा जास्तच वाळवून ठेवलेला बरा.

मिठाचा हिशोब असा. सॉसेजमध्ये ८ ग्रॅमच्या आसपास, ७०० ग्रॅम ब्रेडमध्येही जवळपास तेवढंच. तयार मिश्रण सव्वादोन किलोच्या आत असतं आणि एक टक्का मीठ चवीला नेमकं लागतं. म्हणजे कमी पडतं ते जेमतेम एक टीस्पून. खारट तयार स्टॉक वापरला की तेवढं त्यातूनच भरून निघतं. खारट स्टॉक, खारट लोणी आणि वरून चमचाभर मीठ, असं तिहेरी झालं की डिश हाताबाहेर जाते. बिनमिठाचा स्टॉक घ्या आणि मीठ आपल्या हाताने घाला.

अंडं न घालता केलं तर स्टफिंग सुटं राहतं, काहींना तेच आवडतं. वडीसारखे चौकोन कापून वाढायचे असतील तर अंडं लागतंच.

शेवटचा आठवडा : ओव्हन

डिशला लोणी लावून मिश्रण भरा. दाबू नका. वरचे काही तुकडे मुद्दाम उभे ठेवले तर त्यांची टोकं छान खरपूस होतात. फॉइलने झाकून ३५०° फॅ. (१७५° से.) वर ३० ते ३५ मिनिटं, मध्यभागी १५०° फॅ. (६५° से.) येईपर्यंत. मग फॉइल काढून ४००° फॅ. (२०५° से.) वर १५ ते २० मिनिटं. बाहेर काढताना मध्यभागी १६५° फॅ. (७४° से.) हवं. फॉइल न लावता भाजलं तर वरचा थर करकरीत होतो आणि पोटात अंडं कच्चं राहतं.

टर्कीच्या पोटात भरण्याचा हट्ट सोडा. अमेरिकी कृषी खात्याच्या सूचनेनुसार पक्ष्याच्या आत भरलेल्या स्टफिंगचा मध्यही १६५° फॅ.ला पोचला पाहिजे, आणि तो पोचेपर्यंत छातीचं मांस सुकून जातं. टर्कीची चव हवी असेल तर भाजताना सुटलेला रस ३-४ टेबलस्पून, फॉइल काढतेवेळी वरून शिंपडा. टर्की बाहेर काढून ३०-४० मिनिटं मुरत ठेवतात, त्या वेळात ओव्हन रिकामा असतो. बाहेर निम्मं होऊन आलेली डिश तेव्हा पूर्ण करता येईल असं वाटतं, पण अर्धवट शिजवून ठेवणं टाळा. सलग भाजा. टर्की थोडी लवकर काढली तरी फॉइलखाली ती गरम राहते.

आदल्या दिवशी काय करता येईल? सॉसेज-कांद्याचं मिश्रण फ्रिजमध्ये, ब्रेड डब्यात, स्टॉक वेगळा. एकत्र कालवायचं ते भाजण्याच्या वेळीच. फ्रिजमधून काढलेली चरबी थिजलेली असते, तशीच ब्रेडवर टाकली तर गोळे राहतात. आधी कढईत पूर्ण गरम करा.

गोव्याचं सॉसेज घेतलं तर

अमेरिकेत नव्हे, गोव्यात नाताळसाठी हेच करायचं तर चोरीस घ्या. पण हॉट इटालियनच्या जागी तितकंच वजन टाकू नका. चोरीसमध्ये मीठ, व्हिनेगर, मिरची, लसूण सगळंच दाट. ७०० ग्रॅम ब्रेडला २५० ग्रॅम बस. दोरा आणि आवरण काढून, चिरलेला कांदा आणि १५० मिली पाणी घालून झाकून १५ ते २० मिनिटं शिजवा. मग झाकण काढून पाणी आटवा. लालभडक चरबी सुटली की तीच ब्रेडवर ओतायची. वेगळं लाल तिखट नको, वेगळं मीठ नको, सेजही नको. लोणी ४० ग्रॅमवर आणा. ब्रेड म्हणून पोदेराकडचा (गोव्यातल्या पाववाल्याकडचा) उंडो, म्हणजे कडक कडेचा गोल पाव, चांगला, त्याच्या टणक कडेमुळे तुकडा टिकतो. मऊ पाव वाळवला तरी लवकर विरघळतो. व्हिनेगरचा आंबटपणा जास्त वाटला तर उकडलेल्या बटाट्याच्या बारीक फोडी, दोन मध्यम, मिसळा.

बाकी कामं

दुसऱ्याच्या घरी झाकून नेलेल्या डिशचा वरचा थर वाफेने मऊ पडतो. सध्या दोन उपाय तपासायचे आहेत : फॉइलखाली सुती फडकं ठेवून वाफ शोषून घेणं, आणि शेवटची उघडी भाजणी पोचल्यावर तिथल्याच ओव्हनमध्ये करणं. दुसऱ्यात डिश पूर्ण १६५° फॅ.पर्यंत शिजवूनच निघायचं, तिथे फक्त रंग आणायचा.

उरलेलं स्टफिंग फ्रिजमध्ये ३ ते ४ दिवस. शुक्रवारी त्याच्या अर्ध्या इंचाच्या वड्या बिडाच्या तव्यावर, तेल न घालता, एका बाजूने सहा मिनिटं न हलवता. आतली चरबी सुटून खाली जो थर येतो, तो ओव्हनमधल्यापेक्षा सरस असतो.