पायहोल: कार्ड निर्दोष, चोर निघालं घड्याळ

आधी माफी. पायहोल म्हणजे रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर (मी त्याला नुसतं 'पाय' म्हणतो) चालणारी, खोट्या आणि नकोशा साइटी अडवणारी गाळणी. गावकऱ्यांची ऑनलाइन कामं होतात त्या माझ्या केंद्रात ती लावलेली आहे. ती बंद पडली तेव्हा मागच्या नोंदीत मी दोष देऊन मेमरी कार्डाला फाशी दिली होती. 'स्वस्त कार्ड, लाइन गेली की खराब होतं, नवीन टाकलं, सगळं सुरळीत' असं ठोकून लिहिलं होतं. ते सगळं मागे घेतो. ते बिचारं कार्ड आता कॅमेऱ्यात आहे आणि झकास चालून राहिलं.

जून लागला, पहिल्या वादळातच गावची डीपी (लाइनचा ट्रान्सफॉर्मर) जळाली. लाइन यायला तीन दिवस. इन्व्हर्टरने पहिली रात्र काढली, मग केंद्रातलं सगळं थंड. मी पेरणीच्या गडबडीत शेतात. लाइन आली तेव्हा केंद्रात पुतण्या एकटा होता. नेट काही चालेना, आणि बाहेर फार्मर आयडीवाल्यांची रांग. "काहून भाऊ, आजही नेट नाही का?" हे दहा वेळा ऐकल्यावर पोरानं राउटर उघडला आणि डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) खान्यात पायच्या पत्त्याऐवजी गूगलचं ८.८.८.८ टाकून दिलं. पासवर्ड मीच राउटरच्या पोटाला चिकटवून ठेवलेला. संध्याकाळी मोठ्या अभिमानानं म्हणाला, "काकाजी, मी करून देल्लं, आता चालून राहिलं." मीही म्हटलं, बरं झालं.

त्यानंतर बारा दिवस आमच्याकडे कसलीच गाळणी नव्हती. मला पत्ता नाही.

कळलं कसं, तर काउंटरच्या पीसीवर. एक आजोबा पीएम किसानचा हप्ता पाहायला आले होते. पुतण्यानं शोधून पहिली दिसली ती लिंक दाबली. पान हुबेहूब, वर अशोकस्तंभ, खाली शेतकऱ्याचा हसरा फोटो. आधार नंबर मागितला, मग एटीएम कार्डाचा नंबर. आजोबांचं कार्ड घरी राहिलं म्हणून निभावलं. वर्षाचे ₹६,००० तीन हप्त्यांत थेट खात्यात पडतात, त्याला कार्डाचा नंबर कशाला लागतो? पण मला दरदरून घाम फुटला तो वेगळ्याच कारणानं. ते डोमेन (साइटचं नाव) मी स्वतःच्या हातानं काळ्या यादीत टाकलेलं होतं.

पायहोलचा डॅशबोर्ड उघडला. आलेख सपाट, काउंटरच्या पीसीची एकही क्वेरी (पत्त्याची विचारणा) नाही. राउटरमध्ये ८.८.८.८ दिसलं, ते काढून पायचा पत्ता परत टाकला, आणि घरभर नेट मेलं. डिगला (डीएनएस तपासायच्या कमांडला) दर वेळी सर्व्हफेल ('पत्ता काढता आला नाही'). म्हणजे वादळानंतर पाय जो आजारी पडला तो अजून आजारीच होता, पुतण्यानं फक्त त्याला वळसा घातला होता.

यानंतरच्या दोन संध्याकाळी थोडक्यात सांगतो, कारण त्यात अक्कल कमी आणि हमाली जास्त. अॅडॅप्टर बदलला. केबल बदलली. अनबाउंडची (पायहोलच्या मागे बसून पत्ते मुळापासून शोधणाऱ्या प्रोग्रामची) रूट हिंट्सची, म्हणजे डीएनएसच्या मूळ सर्व्हरांच्या पत्त्यांची, फाइल नव्याने आणली. रीस्टार्ट किती मारले, मोजले नाहीत. शेवटी पुन्हा कार्डावर संशय घेऊन नवीन इमेज (पायची अख्खी सिस्टीम) टाकायला बसलो, आणि सहज क्वेरी लॉगमध्ये वेळेचा रकाना पाहिला. आत्ता मारलेली क्वेरी, आणि तारीख तीन दिवस मागची.

पायला घड्याळाचा सेल नसतो (पाय ५ मध्ये आरटीसी, म्हणजे वेळ सांभाळणारी घड्याळाची चिप, आहे, माझा ३ बी). दर तासाला तो वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि उठल्यावर तिथून पुढे मोजू लागतो. लाइन तीन दिवस गेली तर तो तीन दिवस मागे जागा होतो. एरवी हरकत नाही, एनटीपीनं (नेटवरून वेळ आणणाऱ्या सेवेनं) वेळ मिळाली की सुधारतो. पण माझ्याकडे पायहोलच्या मागे अनबाउंड, आणि अनबाउंडमध्ये डीएनएससेक (डीएनएसचं उत्तर खरं की खोटं ते सहीवरून तपासणं) चालू. डीएनएससेकच्या सहीवर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. तीन दिवस मागे असलेल्या पायला रूटची ताजी सही 'उद्या-परवापासून लागू' अशी दिसते, म्हणून तो ती खोटी धरतो आणि सर्व्हफेल देतो. वेळ सुधारायला एनटीपी सर्व्हरचा पत्ता हवा, पत्ता काढायला डीएनएस हवा, डीएनएसला बरोबर वेळ हवी. पायहोलच्या सहाव्या आवृत्तीत स्वतःचा एनटीपी आला आहे, पण तोही सर्व्हरला नावानंच हाक मारतो. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

मग रोज चार-सहा तास लाइन जाते तेव्हा हे का होत नाही? याच प्रश्नानं मला दोन महिने गंडवलं. उत्तर अनबाउंडच्या कागदपत्रात सापडलं. सहीची जी एकूण मुदत असेल तिच्या दहा टक्के इतकी घड्याळाची चूक तो पोटात घालतो, कमीत कमी एक तास, जास्तीत जास्त एक दिवस. रोजचं भारनियमन त्यात सहज जिरतं. डीपी जळाली की जिरत नाही. आणि मागच्या वेळी नवीन कार्डानं 'बरं' का झालं? नव्या इमेजला अनबाउंड टाकेपर्यंत पाय राउटरचा डीएनएस वापरत होता. तेवढ्यात गुपचूप वेळ दुरुस्त झाली, आणि श्रेय कार्डाला गेलं.

खात्री करायला एनटीपी बंद केला, तारीख हातानं तीन तास मागे नेली, अनबाउंड रीस्टार्ट. चाललं. तीन दिवस मागे नेली, पुन्हा रीस्टार्ट. सर्व्हफेल! रात्रीचे साडेबारा, आणि मी बिघाड झाला म्हणून टाळ्या वाजवून राहिलो. आतून आवाज आला, "झोपाल का आता?" ज्यानं कधी दोन महिने एकाच दोषामागे घालवले आहेत त्यालाच तो आनंद कळेल.

तातडीचा उपाय म्हणून एनटीपीत नावाऐवजी थेट आयपी (आकड्यांतला पत्ता) टाकला, क्लाउडफ्लेअर कंपनीचा १६२.१५९.२००.१. शुद्ध लोक नाक मुरडतील, पत्ता उद्या बदलू शकतो वगैरे. कबूल. म्हणून पक्का उपाय मागवला: डीएस ३२३१ चा आरटीसी मॉड्यूल, दीडशेच्या आतबाहेर. कुरिअर आमच्या गावात येत नाही, तालुक्याला जाऊन आणावा लागतो, त्यामुळे पेट्रोल मॉड्यूलपेक्षा महाग पडलं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डीएस १३०७ स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो ५ व्होल्ट मागतो आणि तापमान सांभाळत नाही, आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या छताखाली काय तापतं ते सांगायला नको. ३२३१ चाळीस अंशांच्या वरही वर्षाला दोन मिनिटांच्या आतच चुकतो. दुसरं, बाजारात मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं, आणि सोबत येतो किंवा आपण टाकतो तो सीआर २०३२, जो चार्ज करायचा नसतो. मी तो बारका रेझिस्टर सोल्डरिंग गननं उचलून टाकला आणि मॉड्यूलला ३.३ व्होल्टच दिले. चार वायरी: पिन १, ३, ५, ६. जोडलेल्या चिपा शोधणारा स्कॅन मारला आणि त्या रेघांच्या जाळीत ६८ (मॉड्यूलचा पत्ता) उगवलं. नंतर ड्रायव्हर लावल्यावर तिथं 'यूयू', म्हणजे ड्रायव्हरनं तो ताब्यात घेतला. वायर ओढून पाय दोन दिवस कपाटात ठेवला, लावला, तारीख बरोबर.

राउटरमध्ये पोर्ट ५३ ची (साध्या डीएनएसची) वाटही पायकडे वळवली. आता कुणी कुठल्याही मशीनवर आठ-आठ टाको, पाट कुठेही फोडला तरी पाणी आपल्याच दंडात. पोर्ट ८५३ (कूटबद्ध डीएनएसचं) बंद केलं, त्यामुळे अँड्रॉइडचा 'ऑटोमॅटिक' प्रायव्हेट डीएनएस मुकाट साध्या डीएनएसवर खाली येतो. दुसऱ्या डीएनएसचा खाना मुद्दाम रिकामा आहे. तो 'पहिला मेला तर' असा नसतो, फोन मनाला येईल तेव्हा तिकडे जातात. राउटरचा पासवर्ड आता पोटावर नाही.

हे इथवर लिहिलं आणि हात थांबला. मला मुळात अनबाउंड हवाच कशाला? गाळणी तर पायहोल करतो. मागे क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा डीएनएस ठेवला तर मालवेअर आणि अश्लील साइटींची दुसरी गाळणी फुकट मिळते, सह्या तपासायचं काम क्लाउडफ्लेअर करतं, आणि पायहोलमधली डीएनएससेकची खूण काढली की घड्याळाची भानगडच संपते. आपल्या क्वेऱ्या परक्याला दिसतात हा मुद्दा आहे, घरी मी त्यासाठीच अनबाउंड लावला होता. पण केंद्रात रोज चाळीस माणसांचे आधार उघडतात, तिथं मला गाळणी जास्त प्यारी. म्हणजे दीडशेचा मॉड्यूल आणि दोन महिने, सगळं पाण्यात? नाही हो. लॉगमधल्या वेळा खऱ्या हव्यात, कुणी काय कधी उघडलं ते नंतर पाहायचं असतं. असं मी स्वतःला समजावलं.

आणि त्या आजोबांचं पान डोक्यातून जात नाही. खोटी साइट रोज नव्या नावानं येते, यादी कायम एक पाऊल मागे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या एपीके (अँड्रॉइड अॅपच्या) फाइलीला तर डीएनएस अडवतच नाही. मग काउंटरच्या पीसीपुरतं उलटंच करावं: त्याचा वेगळा ग्रुप, त्यात टिंब-ताऱ्याच्या रेजेक्सनं ('कुठलंही नाव' अशा नमुन्यानं) सगळं बंद, आणि गव्ह डॉट इन, निक डॉट इन, दोन बँका, एवढंच उघडं. पायहोलमध्ये परवानगी बंदीवर मात करते, त्यामुळे जमायला हवं. काल रात्री तासभर करून पाहिलं. एका सरकारी पानावर कॅप्चाचा चौकोन कोरा राहिला. लॉग पाहिला तर चित्र गूगलच्या जीस्टॅटिकवरून येत होतं, तेवढं उघडलं. पेमेंटच्या पानावर तिसऱ्याच कुणाचं डोमेन अडकलं, ते आज शोधतो.

एक अडचण मात्र लॉगमध्ये दिसणार नाही. बाबा दुपारी गर्दी ओसरली की त्याच पीसीवर कीर्तन लावतात. यूट्यूब यादीत नाही. त्यांना अजून सांगितलेलं नाही.